डंपरचालनातील मानवी घटक

उघड्या खाणींतून खनिज आणि त्यावरील दगडमाती वाहून नेणाऱ्या अवजड वाहनास डंपर म्हणतात. असे वाहन चालविताना चालकाची दृष्टी, श्रवण, प्रतिक्रियाकाल, अवधान, शरीराची मापे, झोप व थकवा, त्याला मिळालेले प्रशिक्षण आणि त्याच्या कामाची आखणी या ज्या बाबींचा सुरक्षितता, उत्पादन व चालकाचे आरोग्य यांवर परिणाम होतो, त्यांना एकत्रितपणे डंपरचालनातील मानवी घटक असे म्हणतात. यंत्र, रस्ता आणि माणूस ही या वाहतुकीची तीन अंगे होत. यांपैकी यंत्राची क्षमता विसाव्या शतकात तीस पटींहून अधिक वाढली. माणसाचे डोळे, कान आणि मज्जासंस्था मात्र होती तशीच राहिली. या विषयातील बहुतेक प्रश्न ह्या तफावतीतून निर्माण झाले आहेत.

खाण व वाहन : खनिजाचा थर जमिनीच्या पृष्ठभागाजवळ असल्यास त्यावरील दगडमाती काढून टाकून खनिज मोकळे करतात. खाण पायऱ्यापायऱ्यांनी खोल होत जाते आणि पायऱ्यांना जोडणारा चढाचा रस्ता तळापासून काठापर्यंत नेलेला असतो. फावडेयंत्राने (शॉवेलने) डंपर भरणे, भरलेला डंपर चढाने वर नेणे, कोळसा साठ्यावर किंवा दगडमाती ढिगाऱ्यावर ओतणे व रिकाम्या वाहनाने परत येणे, असे कामाचे चक्र असते. अंतर व खोली यांनुसार एका चक्रास पंधरा ते तीस मिनिटे लागतात आणि आठ तासांच्या पाळीत चालक त्याच रस्त्यावर बारा ते पंधरा किंवा त्याहूनही अधिक फेऱ्या करतो.

महाराष्ट्रात अशा खाणी मुख्यत्वे विदर्भात आहेत. वर्धा नदीच्या खोऱ्यातील चंद्रपूर व वणी (जि. यवतमाळ) हे भाग आणि नागपूर जिल्ह्यातील उमरेड व कामठी ही कोळसाक्षेत्रे वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या कंपनीच्या अखत्यारीत येतात. कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे मुख्यालय नागपूर येथे आहे. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, निलजई, मुंगोली इ. ठिकाणच्या उघड्या खाणींत तिन्ही पाळ्यांत डंपर चालतात. ज्यांची शेतजमीन खाणीसाठी संपादित झाली, त्या कुटुंबांतील व्यक्तींना नोकरी देण्याच्या धोरणामुळे अनेक शेतकरी खाण कामगार झाले व त्यांतील काही जण पुढे डंपरचालक बनले. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर हाकण्याचा अनुभव असलेल्या माणसाच्या हाती दुमजली घराएवढे वाहन येणे, हा केवळ व्यवसायातील बदल नसून अवधान व निर्णय यांच्या सवयींतीलही बदल असतो.

रस्त्याबाहेर चालणारे खास डंपर अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात यूक्लिड कंपनीने प्रचारात आणले. त्यांची क्षमता दहा-पंधरा टन होती. भारतात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स लिमिटेड (बीईएमएल) या सरकारी कंपनीने डंपरांचे उत्पादन सुरू केले. विदर्भातील कोळसा खाणींत प्रामुख्याने ३५ ते १०० टन क्षमतेचे डंपर वापरात आले. मध्य प्रदेश-उत्तर प्रदेश सीमेवरील सिंगरौली कोळसाक्षेत्रात १९० टनांचे, तर छत्तीसगढमधील गेवरा खाणीत २४० टनांचे डंपरही चालतात. परदेशांत कॅटरपिलर ७९७एफ हा डंपर ३६३ टन भार वाहतो व भारासह त्याचे वजन सु. ६२४ टन भरते. बेलारूसमधील बेलाझ कारखान्याने २०१३ मध्ये तयार केलेल्या ७५७१० या नमुन्याची क्षमता ४५० टन आहे. १०० टनी डंपरची रुंदी सु. ६ मी. व उंची सु. ५ मी. असून भारासह वजन १६० टनांच्या आसपास असते.

शास्त्राचा विकास : कामाची साधने माणसाच्या कुवतीप्रमाणे घडवावीत, या विचाराला दुसऱ्या महायुद्धात शास्त्रीय रूप आले. अनुभवी अमेरिकन वैमानिक विमान उतरल्यानंतर पंखांवरील झडपांऐवजी चाके आत घेण्याचा दांडा ओढीत. ॲल्फॉन्स चापानिस यांनी दोन्ही दांडे शेजारी व एकसारखे असल्याचे दाखवून दिले आणि त्यांच्या टोकांना भिन्न आकार सुचविले. पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी १९४७ मध्ये अशा अनेक चुकांचे विश्लेषण केले. चूक करणाऱ्याचा स्वभाव तपासण्याआधी त्याच्यापुढील साधन तपासावे, हा धडा त्यातून मिळाला. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये अर्गॉनॉमिक्स रिसर्च सोसायटी स्थापन झाली. भारतात मुंबईतील शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेने औद्योगिक शरीरक्रियाविज्ञानाचा अभ्यास हाती घेतला. नागपूर येथील राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्थेने डंपरचालकांच्या शरीरास होणाऱ्या कंपनांसंबंधी पाहण्या केल्या आहेत.

दृष्टी व अंध क्षेत्रे : डंपरमधील चालकाची खोली (कॅबिन) वाहनाच्या पुढील भागात एका बाजूस, जमिनीपासून बरीच उंच असते. त्यामुळे चालकास दूरचे चांगले दिसते, परंतु जवळचे दिसत नाही. पुढच्या बाजूस काही मीटरपर्यंतची जमीन, खोलीच्या विरुद्ध बाजूचा मोठा पट्टा आणि जवळजवळ संपूर्ण मागची बाजू ही अंध क्षेत्रे होत. १०० टनी वाहनाच्या अंध क्षेत्रात आख्खी जीपगाडी लपू शकते, मग पायी चालणाऱ्या माणसाची गोष्टच नको. जीपचालकास समोरचा डंपर स्पष्ट दिसत असतो. त्यावरून डंपरचालकालाही आपण दिसत असू, अशी त्याची समजूत होते. अनेक अपघातांचे मूळ या समजुतीत आहे. म्हणून खाणीत फिरणाऱ्या लहान वाहनांवर उंच काठीला झेंडी व दिवा लावतात. त्यांनी डंपरच्या लगत थांबू नये व चालकाशी संपर्क साधून त्याची संमती मिळाल्यावाचून पुढे जाऊ नये, असे दंडक घालतात. आरसे व मागील बाजूचे कॅमेरे यांनी अंध क्षेत्र कमी होते. परंतु धूळ व चिखल यांनी ती साधने वारंवार झाकली जातात आणि ती पुसण्याची जबाबदारी नेमून दिलेली नसेल, तर ती असून नसल्यासारखी होतात.

रात्री खोल खाणीत उजेड व अंधार यांचे पट्टे असतात. अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्यांना सु. अर्धा तास लागतो. उलट समोरून येणाऱ्या वाहनाच्या एका झोताने तो सराव क्षणात मोडतो. पन्नाशीनंतर अशा दिपण्यातून सावरण्यास अधिक वेळ लागतो. उन्हाळ्यातील धूळ, हिवाळ्यातील पहाटेचे धुके व पावसाची झड यांनी दृश्यता आणखी कमी होते. धूळ बसविण्यासाठी पाणी मारणे आवश्यक असले, तरी उतारावर ते अधिक झाल्यास रस्ता निसरडा होतो. वर्धा खोऱ्यातील काळ्या मातीत हा धोका पावसाळ्यात विशेष जाणवतो.

प्रतिक्रियाकाल व थांबण्याचे अंतर : धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारणपणे दीड ते अडीच सेकंद जातात. ताशी ३० किमी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सु. ८.३ मी. जाते, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ते १२ ते २१ मी. पुढे गेलेले असते. ब्रेकमुळे वेग दर सेकंदास २ मी./से. या प्रमाणात घटतो असे मानल्यास सपाटीवर त्यापुढे १७ मी. अंतर लागते. १६ मी. लांबीस १ मी. उतार असेल, तर गुरुत्वाकर्षणामुळे हेच अंतर सु. २५ मी. होते. याच उतारावर वेग ताशी ४० किमी. असल्यास ब्रेक लागल्यानंतरचे अंतर ४४ मी. व अडीच सेकंदांच्या विलंबासह एकूण अंतर सु. ७२ मी. होते. वेग तिसऱ्या हिश्शाने वाढतो, परंतु ब्रेक लागल्यानंतरचे अंतर जवळजवळ पावणेदोन पट होते. मोठ्या वाहनात उंच बसलेल्या चालकास स्वतःचा वेग प्रत्यक्षाहून कमी भासतो, त्यामुळे केवळ अंदाजावर विसंबणे धोक्याचे असते.

उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास तो तापून निकामी होतो. यासाठी रिटार्डर ही वेगळी रोधक योजना असते व योग्य गिअर उतार सुरू होण्याआधीच निवडावा लागतो. हा निर्णय धोका दिसण्यापूर्वी घ्यावयाचा असल्याने त्यात प्रतिक्रियेपेक्षा पूर्वविचाराचे महत्त्व अधिक आहे. कोळसा खाणीत भरलेला डंपर बहुधा चढाने जातो. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी डोंगरांवर असल्याने तेथे भरलेली वाहने उतारावरून खाली येत. २०१२ पर्यंतच्या भरभराटीच्या काळात डिचोली, सांगे इ. भागांतून मांडवी व जुवारी नद्यांवरील धक्क्यांपर्यंत टिपर गावांमधील सार्वजनिक रस्त्यांवरूनच धावत. त्यामुळे खाणीच्या आतला प्रश्न गावकऱ्यांच्या दारापर्यंत पोहोचला होता.

ढिगाऱ्याची कड : मागे जाऊन कडेवर भार ओतणे हा कामाच्या चक्रातील सर्वांत नाजूक क्षण होय. चालकाला कड दिसत नाही. आरशातील बांध आणि खुणा करणारा माणूस (स्पॉटर) यांवरून त्याला अंतर ताडावे लागते. कडेचा मातीचा बांध चाकाच्या आसाइतका तरी उंच असावा, असा अमेरिकेतील नियम आहे. तथापि बांध ही कडेची खूण असते, वाहन अडविणारी भिंत नव्हे. पावसाने भिजलेली कड भाराखाली खचू शकते. म्हणून कडेपासून काही अंतरावर भार ओतून तो बुलडोझरने ढकलणे अधिक सुरक्षित असते. भार ओतल्यावर उचललेली पेटी खाली न घेताच निघणे, ही दुसरी नेहमीची चूक. तीमुळे वाहन कलंडते किंवा पेटी विजेच्या तारांना लागते. एकसारखे काम शेकडो वेळा केल्यावर मधली एखादी पायरी मनातून गळणे हा माणसाच्या स्मृतीचा स्वभाव आहे. तेव्हा अशा वेळी इशारा देणारा दिवा व घंटा असणे हे सूचनाफलकापेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

कंपने, आवाज व उष्णता : खडबडीत रस्त्यामुळे वाहनाला होणारी कंपने आसनातून चालकाच्या संपूर्ण शरीरात जातात. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेतील ४ ते ८ हर्ट्‌झ कंप्रतेच्या कंपनांना विशेष संवेदनशील असते. वर्षानुवर्षे अशी कंपने सहन केल्याने कंबरदुखी व पाठीच्या मणक्यांचे विकार संभवतात. कंपने मोजण्याची पद्धत आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकात दिली आहे. यूरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाप्रमाणे आठ तासांच्या कामासाठी ०.५ मी./से.² या मूल्यापाशी उपाययोजना सुरू करावयाची असून १.१५ मी./से.² ही कमाल मर्यादा आहे. भरलेल्या वाहनापेक्षा वेगाने परतणाऱ्या रिकाम्या वाहनात कंपने बहुधा अधिक असतात. फावडेयंत्रातून मोठा दगड उंचावरून पेटीत पडल्यास बसणारा हादरा निराळाच. आसनाखालील स्प्रिंग चालकाच्या वजनाप्रमाणे जुळवून न घेतल्यास ते हादरे कमी करण्याऐवजी वाढवते. रस्ता सपाट ठेवणारा ग्रेडर हे यंत्र म्हणूनच चालकाच्या पाठीचेही रक्षण करते.

आवाजाच्या बाबतीत खाण सुरक्षा महानिदेशालयाने १९७५ मध्ये ८५ डेसिबेल ही इशाऱ्याची व ९० डेसिबेल ही धोक्याची पातळी ठरविली. खिडक्या बंद असलेल्या वातानुकूलित खोलीत आवाज व धूळ दोन्ही कमी होतात. चंद्रपूर भागात मे महिन्यात तपमान ४५° से.च्याही वर जाते. एंजिनाच्या सान्निध्यात असलेल्या खोलीतील वातानुकूलन बंद पडले, तर चालक खिडकी उघडतो. मग उष्णता, धूळ व आवाज एकत्रच आत येतात आणि घामाने शरीरातील पाणी घटून अवधान मंदावते. वातानुकूलन ही येथे चैन नसून ब्रेकप्रमाणेच सुरक्षेचे साधन आहे.

थकवा, झोप व एकसुरीपणा : शरीराच्या दैनंदिन लयीनुसार पहाटे २ ते ६ या वेळात जागरूकता सर्वांत कमी असते, दुपारीही तिला लहानशी ओहोटी लागते. रात्रपाळीचा चालक दिवसा झोपतो, पण ती झोप रात्रीच्या झोपेपेक्षा अल्प व तुटक असते. एका खोलीचे घर, उन्हाळ्यातील उकाडा, मुलांचा गलबला, शेतीची व लग्नकार्याची कामे यांनी तिच्यात आणखी तूट पडते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसांची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसांइतकी घटल्याचे आढळले. अतिशय थकलेल्या माणसाला डोळे उघडे असतानाही काही सेकंदांची डुलकी लागते व ती त्याच्या लक्षातही येत नाही. चार सेकंदांच्या डुलकीत ताशी ३० किमी. वेगाचा डंपर ३३ मी. जातो.

एकसुरीपणा हे थकव्याचे दुसरे रूप होय. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, क्वचित उमटणाऱ्या खुणेवर लक्ष ठेवणाऱ्या माणसांची दक्षता पहिल्या अर्ध्या तासातच ढळू लागते, असे दिसून आले. तोच रस्ता, तेच वळण व तोच घरघराट यांत चालकाचे काम नेमके याच प्रकारचे असते. इच्छाशक्तीने झोप काही काळ लांबविता येते, टाळता येत नाही. म्हणून ‘जागरूक राहा’ या फलकापेक्षा पाळ्यांचा सुसह्य क्रम, पाळीच्या मध्यंतरातील विश्रांती, पहाटेच्या वेळी थोड्या डुलकीची सोय आणि ‘मला झोप येत आहे’ असे दंडाच्या भीतीवाचून सांगता येणे हे उपाय प्रभावी ठरतात. फेऱ्यांच्या संख्येवर मोबदला ठरत असल्यास नेमकी ही कबुली सर्वांत महाग पडते.

चालकाची खोली व शरीराची मापे : आसन, सुकाणूचक्र, पायटे व दर्शक यांची मांडणी ज्या मापांवर आधारलेली असते, ती बहुधा यूरोपीय किंवा अमेरिकन पुरुषांची असतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीयांची शरीरमापे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांवरून हा फरक लक्षात येतो. ठेंगण्या चालकाने पायटा गाठण्यासाठी आसन पुढे घेतले की, पाठीचा आधार सुटतो. आसन खाली घेतले की, पुढचे अंध क्षेत्र वाढते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांना त्यांच्या लेखी संमतीने व ठरावीक अटींवर उघड्या खाणींत रात्रीही काम करण्याची मुभा दिली. त्यानंतर आसन जुळविण्याची व्याप्ती, खोलीपर्यंतच्या शिडीच्या पायऱ्यांतील अंतर, स्वच्छतागृहांची सोय इ. बाबींना अधिकच महत्त्व आले. शिडीवरून चढता-उतरताना पडणे हे इजेचे एक नेहमीचे कारण आहे.

चूक व जबाबदारी : अपघातानंतरच्या चौकशीत ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हा निष्कर्ष सर्वांत सोपा असतो. समजा, पहाटे चार वाजता एक डंपर वळणावर बांधाला धडकला. चालकाला डुलकी लागली होती, हे खरे. परंतु जोडीदार न आल्याने त्याने सलग दुसरी पाळी केली होती, वळणावरचा दिवा बंद होता व बांध पावसाने खचला होता. चालकाला निलंबित केल्याने यांपैकी एकही गोष्ट बदलत नाही आणि पुढच्या पहाटे तेच वळण दुसऱ्या चालकाची वाट पाहत असते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या विचारानुसार अशा अपघातात तत्क्षणीच्या चुकीबरोबर व्यवस्थेत आधीपासून दडलेल्या उणिवाही कारणीभूत असतात. त्यावर आधारलेल्या वर्गीकरणाने ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याच्या खाणींतील ५०८ घटनांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरावाच्या कामातील अनवधानाच्या चुका सर्वाधिक आढळल्या. अशा चुका उपदेशाने किंवा शिक्षेने कमी होत नाहीत. जाणूनबुजून केलेले नियमभंग मात्र वेगळे. त्यांतही मूठभरांचा बेफिकीरपणा आणि उत्पादनाच्या घाईत सर्वांनी मूकपणे मान्य केलेली पळवाट यांत भेद करावा लागतो.

कायदा व प्रशिक्षण : खाण अधिनियम, १९५२ अन्वये जमिनीवरील कामास दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुटी ठरविण्यात आली. पुढे हा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आला. दुहेरी वाहतुकीच्या रस्त्याची रुंदी त्यावरील सर्वांत रुंद वाहनाच्या निदान तिप्पट व उतार सर्वसाधारणपणे १६ स १ पेक्षा तीव्र नसावा, असा भारतीय नियमांचा रोख आहे. कोळसा खाणी विनियम, २०१७ यांनी धोक्यांच्या मूल्यमापनावर आधारित सुरक्षा व्यवस्थापन योजना आवश्यक केली. १९६६ च्या नियमांनुसार खाण कामगारांना व्यावसायिक प्रशिक्षण देण्यात येऊ लागले. आभासी चालनयंत्रावर (सिम्युलेटरवर) ब्रेक निकामी होणे, आग लागणे, चाक फुटणे इ. प्रसंगांचा सराव कोणालाही इजा न होता करता येतो. कंत्राटी टिपरचालकांनाही हेच प्रशिक्षण मिळणे आवश्यक आहे; कारण लहान टिपर व मोठे डंपर एकाच रस्त्यावर आल्यास कमी शिकलेल्या चालकाची चूक दोघांनाही भोवते.

स्वयंचलन : डोळ्यांच्या पापण्यांवर लक्ष ठेवून झोपेचा इशारा देणारे कॅमेरे, जवळ आलेल्या वाहनाची सूचना देणारी साधने व उपग्रहाच्या साहाय्याने डंपरांची नेमणूक करणाऱ्या यंत्रणा प्रचारात आल्या आहेत. इशारे वारंवार व विनाकारण वाजू लागले, तर चालक त्यांकडे दुर्लक्ष करतो किंवा ते बंद करतो, असा अनुभव आहे. चालकाविना चालणारे डंपर २००८ पासून चिलीतील गाब्रिएला मिस्त्राल व पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबरा भागातील खाणींत वापरात आले. त्यामुळे माणूस वाहनातून बाहेर पडला, पण कामातून नव्हे; दूरच्या कक्षात बसून अनेक वाहनांवर देखरेख करण्याचे, म्हणजेच दीर्घ दक्षतेचे, काम त्याच्याकडे आले. नेहमीचे काम यंत्राने करावे आणि अवघड क्षण तेवढा सराव तुटलेल्या माणसावर सोपवावा, ही स्वयंचलनातील विसंगती लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिली होती.

विदर्भातील खाणींत अजून बराच काळ चालक डंपरमध्येच बसणार आहे. त्याच्या सुरक्षिततेचे बहुतेक उपाय खर्चिक नाहीत : सपाट रस्ता, पुरेसा बांध, चालू दिवे, पुसलेला आरसा, वजनाप्रमाणे जुळविलेले आसन, थंड खोली आणि पुरेशी झोप. हे उपाय योजणे चालकाच्या हाती क्वचितच असते. ते खाण चालविणाऱ्यांच्या हाती असते.